गाडीच्या वायरिंगलाही निचरा लागतो



पाऊस उघडीप देऊ लागला की गट ऑफिससमोरच्या बोलण्यात दोन विषय हमखास निघतात. एक, उसाची तोड कधी लागणार. आणि दुसरा, ‘गाडी सकाळी चालूच होत नाही हो.’ पहिल्या विषयावर या अंकात शेतकी खाते लिहीतच असते. दुसऱ्यावर कोणी लिहीत नाही, कारण मोटारसायकल ही शेतीत मोडत नाही असा आपला समज. वास्तविक आज बैलजोडीपेक्षा मोटारसायकलीवर शेतीचा भार जास्त आहे. रात्री-अपरात्री लाइट आली की पंप चालू करायला तिच्यावरूनच जायचे, टोळी फडात पोचली का ते बघायला तिच्यावरूनच, दुधाच्या किटल्या आणि खताची पोतीही तिच्यावरच. ती अडली की दिवस मोडतो. आणि रात्री तिचा मागचा दिवा गेलेला असला तर दिवसापेक्षा मोठे काही मोडू शकते. त्याविषयी पुढे लिहिलेच आहे.

गाडी पावसात भिजली म्हणून बिघडली, असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. गाडी भिजण्यासाठीच केलेली असते. कंपनीला ठाऊक असते की ती पावसात चालणार. ऊस उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. उभ्या उसातून पाणी वाहून गेले तर ऊस तगतो, साचून राहिले की मुळ्या कुजतात. आपल्या कृष्णाकाठी ज्या जमिनी क्षारपड झाल्या, त्या काय पावसाने झाल्या? निचरा नव्हता म्हणून पाणी आत थांबले आणि क्षार वर आले. गाडीच्या वायरिंगचे दुखणे अगदी हेच आहे. पाणी आत शिरते हा रोग नव्हे, शिरलेले पाणी बाहेर पडत नाही हा रोग आहे. आणि आपण उपाय करतो तो नेमका उलटा : टेप गुंडाळतो, वरून सिलिकॉनचा लेप देतो, फट दिसेल ती बुजवतो, आणि पाणी आत कोंडून ठेवतो.

जुन्या माणसांना कल्हईवाला आठवत असेल. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ठेवलेले ताक कळकायचे. गाडीतल्या दोन वायरी जिथे एकमेकींत बसतात, त्या जोडाला आपले मिस्त्री कपलर म्हणतात. त्याच्या आतल्या पिना बहुतेक पितळेच्या असतात आणि त्यांच्यावर कथलाचा पातळ मुलामा असतो. म्हणजे कल्हईच म्हणा. गाडीच्या हादऱ्यांनी पिन पिनेवर घासते, कल्हई जाते, आणि मग ओल लागली की पितळ कळकते. कपलर उघडून पाहा, पिनेवर हिरवट पूड दिसेल. ही हिरवी पूड विजेला वाट देत नाही. बाहेरून सगळे ठाकठीक, आत वाट अर्धी बंद.

दुसरी गोष्ट त्याहून लपून होते. वायरीत एक जाड तार नसते, केसासारख्या बारीक तारांचा पीळ असतो. समईची वात जशी तेल वर ओढते, तसा हा पीळ पाणी ओढतो. टोकाला ओल लागली की ती रबरी आवरणाच्या आतून बोट-दोन बोटे, कधी वीतभर पुढे जाते. म्हणून जळकी-हिरवी पिन बदलून मिस्त्री म्हणाला ‘झालं काम’, तरी महिन्याने पुन्हा तेच होते. वायर सोलली की आत तांबे लाल-चकचकीत दिसले पाहिजे. काळे पडले असेल तर चांगले तांबे लागेपर्यंत मागे कापावे लागते. मिस्त्रीसमोर बसून हे करून घ्यावे, लाजू नये.

आता थोडे मुंबईकडे वळतो. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतला एखादा तरी मुलगा घाटकोपर, भांडुप, मुलुंड नाहीतर अंधेरी-बोरिवलीला नोकरीला असतो. त्याने नवी गाडी घेतली की जुनी गावाकडे येते. ‘मुंबईची गाडी, डांबरी रस्त्यावर चाललेली, चांगलीच असणार’ म्हणून आपण ती आनंदाने ठेवून घेतो किंवा शेजाऱ्याला देतो. माझे मत याच्या बरोबर उलट आहे. इंजिन चांगले असेलही; वायरिंग मात्र मुंबईच्या गाडीचे आधी तपासावे.

२६ जुलै २००५ हा दिवस कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे ३७ इंचांवर पाऊस मोजला गेला. त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ३ इंच. सगळा मारा उपनगरांवर. मिठी नदी फुगली, वरून समुद्राची भरती, आणि कुर्ला, कालिना, घाटकोपर, अंधेरी या भागांत खाली लावलेल्या मोटारसायकली आणि स्कूटरी सीटपर्यंत, काही ठिकाणी पार हँडलपर्यंत पाण्यात गेल्या. ते पाणी पावसाचे राहिले नव्हते. त्यात गटार होते, खाडी होती, कारखान्यांचे तेल होते. माझा एक पुतण्या तेव्हा घाटकोपरला भाड्याने राहत होता. पाणी ओसरल्यावर त्याने गाडी ढकलत जवळच्या एका गॅरेजात नेली. तिथे शंभर गाड्यांची रांग. कारागिराने चिखल पुसला, किल्ली फिरवली, प्लग सुकवून इंजिन चालू केले आणि पैसे घेतले. पंधरा दिवस गाडी धावली. मग आधी हॉर्न गेला, मग इंडिकेटर, मग दिवाळीच्या सुमारास पावसाचा थेंब नसताना गाडी रस्त्यात मेली. सीटखालचा फ्यूजचा डबा उघडला तर आत मिठासारखे पांढरे आणि हिरवे साचलेले.

तिथे काय घडले हे समजून घेण्यासारखे आहे. मुलामा देणाऱ्याच्या टाकीत क्षाराच्या पाण्यात दोन पट्ट्या सोडतात आणि बॅटरी जोडतात. अधिकच्या पट्टीवरचा धातू झिजून पाण्यात उतरतो. पाण्यात बुडालेल्या गाडीत हीच टाकी तयार होते. किल्ली बंद असली तरी बॅटरीचा अधिकचा प्रवाह फ्यूजमधून किल्लीच्या स्विचपर्यंत आलेलाच असतो. पाणी खारट, प्रवाह चालू, मग तासातासाला पिन खाल्ली जाते. म्हणून बुडालेल्या गाडीत पहिले काम किल्ली फिरवणे नव्हे. पहिले काम बॅटरी सोडवणे, आणि तीही उणेची वायर आधी. दुसरे काम ऐकायला विपरीत वाटेल : गाडी पुन्हा पाण्याने धुवायची. स्वच्छ गोड्या पाण्याने, हलक्या धारेने, कपलर उघडे ठेवून. क्षार धुवून निघण्याआधी गाडी उन्हात वाळवली तर पाणी उडून जाते आणि मीठ आत राहते. ते मीठ पुढच्या पावसाची वाट बघत बसते.

आणि महापूर नसला तरी उपनगरांची हवा काय साधी आहे? अंधेरीच्या पश्चिमेला वर्सोव्याचा समुद्र, बोरिवलीला गोराईची खाडी, पूर्वेला घाटकोपर ते मुलुंड ठाण्याची खाडी; कांजूर, भांडुप, मुलुंडच्या बाजूला तर मिठागरेच. अंधेरीच्या सबवेत पाणी भरले ही बातमी दर पावसाळ्यात आपण ऐकतोच. अशा ठिकाणी इमारतीखाली उघड्यावर चार-पाच पावसाळे काढलेली गाडी घ्यायची असेल तर तिचा रंग आणि टाकीची चमक बघू नका. सीट काढा. सीटखालच्या स्क्रूंची डोकी तांबेरली आहेत का, फ्यूजच्या डब्यात कोपऱ्याला वाळलेल्या गाळाची रेघ आहे का, हेडलाइटच्या काचेच्या आत चिखलाचा वरुटा दिसतो का, एवढे बघितले तरी पुष्कळ कळते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पुन्हा तसेच पाणी भरले होते. आणि मुंबईलाच कशाला नावे ठेवायची? २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णा-पंचगंगेच्या पुराने आपल्याच गोठ्यांतल्या गाड्या बुडवल्या. त्यांतल्या कित्येक गाड्या दोन तालुके ओलांडून ‘एका हाताची गाडी’ म्हणून विकल्या गेल्या असतील, हे ज्याचे त्याने ओळखावे.

आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून आपण निर्धास्त. पण आपला समुद्र आपण पोत्यात बांधून गाडीवर नेतो. अमोनियम सल्फेट, पोटॅश हे क्षारच आहेत. पोते फाटके असते, चिमूटभर खत सीटच्या फटीतून खाली बॅटरीच्या खोलीत पडते, रात्री दव पडते, आणि झाले. त्यात अमोनिया आणि पितळ यांचे वैर तर जुनेच. पितळाला त्याने बारीक तडे जातात. ठिबकची विद्राव्य खते, मोरचुदाचे द्रावण, फवारणीचा गळका पंप पाठीमागे बांधलेला, हे सगळे थेंब टेल लॅम्पच्या वायरीवरच उतरतात. खत आणल्यावर गाडीवरून एक तांब्या साधे पाणी ओतायला काही पैसे लागत नाहीत.

धुण्यावरून आठवले. हल्ली फवारणीचा एच.टी.पी. पंप गाडी धुवायला लावायची टूम निघाली आहे. द्राक्षबागेला जो दाब लागतो तो दाब गाडीच्या किल्लीच्या स्विचवर आणि मीटरवर मारायचा! पाऊस वरून पडतो, रबरी सील त्याच हिशेबाने बसवलेले असते. ही धार खालून, बाजूने, जिथून पाऊस कधी येणार नाही तिथून आत घुसते. आणि धुऊन झाल्यावर वॉशिंगवाला डिझेलचा नाहीतर काळ्या ऑइलचा फवारा मारतो, गाडी चमकते, आपण खूश. डिझेलने रबर फुगते आणि सैल पडते, ऑइलवर धूळ चिकटते, धूळ ओल धरून ठेवते. हा फवारा मी तरी माझ्या गाडीवर मारू देत नाही.

यापेक्षाही मोठा शत्रू घरातलाच आहे. पोरांना मोठा हॉर्न लागतो, रंगीत दिवे लागतात, मोबाइल चार्ज करायचे सॉकेट लागते. बाजारातला कारागीर चालू वायरीला ब्लेडने चीर देतो, दुसरी वायर पिळतो, वर काळी टेप. कंपनीने काळजीपूर्वक बंद केलेल्या वायरिंगला असे चार-पाच ठिकाणी दार पाडले की पाण्याला आमंत्रणच दिले. उन्हाळ्यात टेपचा डिंक पातळ होतो, टेप सरकते, पावसाळ्यात आत ओल. वॉरंटी नाकारली जाते ती वेगळीच. दिवा लावायचाच तर रीतसर लावा : बॅटरीवरून स्वतंत्र वायर, तिला वेगळा फ्यूज, मध्ये रिले, आणि जोड दाबून बसवलेला, त्यावर तापवून आवळणारी नळी. फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांना काय म्हणावे! फ्यूज उडतो तो वायरिंग वाचवण्यासाठी. चांदी घातली की फ्यूजऐवजी वायरिंग जळते.

एक साधा हिशेब करून बघा. हेडलाइटचा ३५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपियर घेतो. कळकलेल्या जोडात नुसता अर्धा ओहम अडथळा आला तरी बल्बला पावणेअकराच्या आसपास व्होल्ट पोचतात. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण बल्बचा उजेड व्होल्टपेक्षा कितीतरी वेगाने उतरतो. एवढ्याशा घटीत जवळजवळ तिसरा हिस्सा उजेड जातो. बाकीची वीज त्या जोडात उष्णता होऊन बसते आणि कपलरचे प्लास्टिक वितळवते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटताच राहतो, म्हणजे खराब जोड असेल तर तो दिवसभर तापतो.

त्याच्या पुढचे पाऊल एप्रिल २०२० ला पडले. बी.एस. सहाच्या नियमांनंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर गेला आणि इंधन सोडायचे काम संगणकाच्या डबीकडे आले. ही डबी सेन्सरच्या वायरींतून येणाऱ्या चार-पाच व्होल्टच्या बारीक खुणा वाचून चालते. जुन्या गाडीत जोड कळकला तर दिवा मंद व्हायचा, माणूस तसाच घरी पोचायचा. नव्या गाडीत तोच जोड सेन्सरचा असेल तर इंजिन दगा देते, आणि पाना घेऊन रस्त्याकडेला काही करता येत नाही. ‘नवी गाडी आहे, शोरूमवाले बघतील’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शोरूमवाले ऑइल बदलतात. सगळे कपलर उघडून बघायला आपण सांगितल्याशिवाय सहसा कोणी बसत नाही.

मग करायचे काय आणि केव्हा? माझ्या मते याला खंडेनवमीसारखा दिवस नाही. त्या दिवशी आपण हत्यारे-अवजारे पूजतो, गाडी धुतो, हार घालतो, लिंबू बांधतो. पाऊस नुकताच सरलेला असतो आणि गाळप हंगाम तोंडावर. हार घालण्याआधी तासभर गाडीला द्या. बॅटरी सोडवा. सीटखालचे, टाकीखालचे आणि हेडलाइटमागचे कपलर एकेक करून उघडा, दोन एकदम उघडून घोळ करू नका. हिरवे दिसले तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि जुना दात घासायचा ब्रश. वाळू द्या, मग रबरी सीलला आणि तोंडाला सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवा, कपलर टक्क आवाज येईपर्यंत दाबा. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन चालते. चाकांचे पिवळे ग्रीस कपलरमध्ये घालू नका.

चौकटीला जिथे बोल्टने अर्थची वायर आवळलेली असते ती जागा हुडका. आपल्या निम्म्या तक्रारी तिथेच असतात, असा माझा अनुभव आहे. बोल्ट काढून खालचा गंज घासा, आवळा, वर व्हॅसलीन. तपासायची एक सोपी खूण सांगतो : बल्बचे दिवे असलेल्या गाडीचा ब्रेक दाबला आणि मागचा इंडिकेटर मिणमिणला, तर अर्थ गेला असे समजावे. वीज परतीची वाट सापडेना म्हणून शेजारच्या दिव्यातून फिरते.

आणि निचरा. हेडलाइटच्या आणि टेल लॅम्पच्या खोक्याला तळाशी बारीक भोक असते, ते कंपनीने विसरून ठेवलेले नसते. चिखलाने बुजले असेल तर काडीने मोकळे करा; सिलिकॉनने तर कधीच बुजवू नका. खोक्यात वरून उतरणाऱ्या वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी पागोळीसारखे त्या झोळावरून खाली ठिबकते, आत जात नाही. वायरी ज्या नळीतून जातात तिचे खालचे तोंड उघडे राहू द्या. हँडलच्या मानेपाशी वायरी दररोज हजारदा वाकतात. तिथे आवळून पट्टी बांधली तर आतली तार तुटते आणि वरचे कवच शाबूत राहते, शोधता शोधता मिस्त्री थकतो. गोठ्यात गाडी लावणाऱ्यांना उंदरांचे वेगळे सांगत नाही, ज्यांनी भोगले आहे त्यांना माहीत आहे.

आता मागच्या दिव्याबद्दल. हंगामात आपला रस्ता कसा असतो ते आपण जाणतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्यांची रांग, बाहेर लोंबणारे वाढे, धुरळा, पहाटेचे धुके. ट्रॉलीला आणि गाडीवानाच्या टायरगाडीला रिफ्लेक्टर लावा, असे कारखाना दरवर्षी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच रस्त्यावर मागचा दिवा नसलेली सभासदाची मोटारसायकल ही ट्रकवाल्याच्या नजरेला दिसतच नाही. स्वाराला तर ते कळतही नाही. हेडलाइट गेला की समोर अंधार होतो, माणूस थांबतो. टेल लॅम्प गेला की त्याच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते, तो निवांत चाललेला असतो. मागचा दिवा गाडीच्या चिखलाच्या, खताचे पाणी उतरणाऱ्या टोकाला आहे, आणि सगळ्यांत आधी कळकतो तोच.

म्हणून संचालक मंडळाला माझी सूचना आहे. आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिक खात्याची तरबेज माणसे आहेत. बॉयलर पेटण्याआधीच्या आठवड्यात, म्हणजे खंडेनवमीच्या पुढेमागे, त्यांतली दोन माणसे प्रत्येक गट ऑफिसला एकेक दिवस बसवावीत. त्यांनी गाडी दुरुस्त करायची नाही, फक्त मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि अर्थ एवढे तपासून कोणता जोड कळकला आहे ते सभासदाला दाखवायचे. ग्रीस, क्लीनर, आवळणारी नळी आणि चांगले फ्यूज कारखान्याच्या ग्राहक भांडारात खरेदी किमतीत ठेवावेत. तोडणी मजुरांच्या मुकादमांच्या गाड्याही यात घ्याव्यात. त्या लांबून आलेल्या असतात आणि रात्री रस्त्यावर सर्वांत जास्त त्याच असतात. ‘हे कारखान्याचे काम आहे का’ असे काही जण विचारतील. माती परीक्षण तरी पूर्वी कुठे कारखान्याचे काम होते? येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ही सूचना लेखी मांडणार आहे. ज्यांना पटेल त्यांनी अनुमोदनाला उभे राहावे, आणि सभेला येताना एकदा ब्रेक दाबून कोणाला तरी मागून बघायला सांगावे.